टर्कीवाचूनची थँक्सगिव्हिंग

यादवी युद्ध पेटलेले असताना, १८६३ साली, अध्यक्ष लिंकन यांनी ज्या जाहीरनाम्याने नोव्हेंबरचा अखेरचा गुरुवार आभारप्रदर्शनासाठी मुक्रर केला, त्यात टर्कीचा उल्लेख नाही; आहे तो समृद्ध शेतांचा. तेव्हा अमेरिकेतील एखाद्या घराने या दिवसाचे भोजन केवळ वनस्पतिजन्य ठेवले, तर परंपरेचा भंग होतो असे मला मुळीच वाटत नाही. मक्याच्या ताटाने घेवड्याच्या वेलाला आधार द्यावा, घेवड्याने मुळांवाटे जमिनीस नत्र पुरवावे आणि भोपळ्याच्या रुंद पानांनी मातीचा ओलावा राखावा, अशा ज्या त्रयीला तेथील मूलनिवासी ‘तीन बहिणी’ म्हणत आले, तिची कथा अशा भोजनाच्या निमित्ताने घरातील चार-पाच वर्षांच्या बालकांना, त्यांच्याच चिमुकल्या हातांनी शेंगा मोडून घेत सांगता येते. आणि भट्टीतला पक्षी दुरून पाहण्यापेक्षा हे शतपटीने श्रेयस्कर आहे. प्लिमथच्या वसाहतवाल्यांना मक्याची लागवड शिकविणारा मूलनिवासी टिस्क्वांटम, आणि त्याच्या समाजाच्या वाट्यास पुढे आलेला घोर अन्याय, हेही मुलांना, झेपेल तेवढे, अवश्य सांगावे. भाजलेला भोपळा, रताळी, मक्याची भाकरी, क्रॅनबेरीची आंबटगोड चटणी: एवढे पुष्कळ झाले. वाढण्याचे काम मुलांकडेच सोपवावे.