धार आणि झीज

टिळकवाडीतील आमच्या जुन्या घराची डागडुजी चालू असताना माळ्यावरील पत्र्याच्या पेटीत वडिलांचा वस्तरा सापडला. पात्यावर जर्मनीतील झोलिंगेन गावाचे नाव, मुठीला शिंगाच्या पट्ट्या, आणि धार मात्र पूर्ण गेलेली. आयुष्यभर शस्त्रक्रिया करून निवृत्त झालेल्या मला त्याला धार लावणे हे किरकोळ काम वाटले. तो गैरसमज कसा दूर झाला आणि त्यातून माझे काय मत बनले, ते वैद्यकबंधूंपुढे व स्नेहीजनांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सुतार रंध्याच्या पात्यासाठी वापरतात तसला खरखरीत दगड मी आणला, पाणी शिंपडले आणि जोर लावून घासू लागलो. अर्ध्या तासाने भिंगाखाली पाहिले, तर कडेला करवतीसारखे दाते पडलेले! तेव्हा लहानपणी दर रविवारी काखेत धोकटी घेऊन आमच्या घरी येणारे नाभिक आठवले. ओसरीवर बसून ते निसण्यावर वस्तरा फिरवीत आणि वडिलांनी हौसेने तो हाती घेतला की म्हणत, "दाबायचं नाही, मालक. हात नुसता न्यायचा." मी ते वाक्य अनेकदा ऐकले होते, शिकलो मात्र नव्हतो.

याचे कारण उघड आहे. शस्त्र वापरण्यात आमची हयात गेली, पण त्याला धार लावण्याचा प्रसंग आमच्यावर कधी आलाच नाही. अमेरिकेत मॉर्गन पार्कर यांनी १९१५ साली बदलत्या पात्याच्या शस्त्राचे पेटंट घेतले आणि पुढे जगभरच्या शल्यचिकित्सकांचा निसण्याशी संबंध तुटत गेला. आपली परंपरा मात्र वेगळे सांगते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शस्त्रांना धार लावण्यासाठी उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा आणि ती धार टिकवण्यासाठी सावरीच्या लाकडाची फळी सांगितली आहे. भेदनाच्या शस्त्राची धार मसुराइतकी, तर छेदनाच्या शस्त्राची अर्ध्या केसाइतकी असावी, असा भेदही तेथे केला आहे. युरोपातही नाभिक आणि शल्यचिकित्सक हे एकेकाळी सहव्यवसायी होते. लंडनमध्ये १५४० पासून १७४५ पर्यंत दोघांची संस्था एकच होती. नाभिकांच्या या कौशल्याकडे आपण उंचावरून पाहावे, असे काही नाही.

आता प्रत्यक्ष कृतीविषयी. वस्तऱ्याची रचना अशी असते की पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकवल्या की कोन आपोआप साधतो. पाठ उचलली की काम बिघडले. दगडावर धार पुढे ठेवून पाते न्यावे, टोकाशी आले की पाठीवरून उलटावे आणि तसेच परत आणावे. भार पात्याचा स्वतःचा, हाताचा जवळजवळ नाही. दगड सपाट हवा. मध्यभागी खोलगट झालेला असेल तर काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर ठेवून तो आधी सपाट करावा. दगडांच्या क्रमांकाचा आकडा वाढतो तसे कण बारीक होतात. एक हजाराच्या दगडावर धारेची मूळ बैठक बसते, चार-पाच हजारांवर ओरखडे निघतात आणि आठ हजारांवर ती गुळगुळीत होते. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर, आता मात्र पाठ पुढे ठेवून, तीस-चाळीस वेळा फिरवावे. धारेवर अंगठा फिरवून परीक्षा करू नये. दिव्याखाली धरावे; बोथट कड चकाकते, चांगली धार दिसतच नाही.

यातील माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की धार लावणे म्हणजे पोलाद झिजवणे. दगडावरच्या प्रत्येक फेरीत पात्याचे थोडे आयुष्य जाते. म्हणून सुरुवात सौम्य उपायाने करावी: आधी चामडे, त्याने न भागल्यास बारीक दगड, आणि खरखरीत दगड अगदी नाइलाज झाला तरच. मी नेमके उलटे केले. साध्या सर्दीवर पहिल्याच दिवशी सर्वांत जोरकस प्रतिजैविक लिहू नका, असे मी तरुण सहकाऱ्यांना सांगत आलो आणि स्वतःच्या वडिलांच्या वस्तऱ्यावर तोच अविचार केला. दररोज चामडे फिरवले, पाते कोरडे करून तेलाचा हात दिला, तर दगडाची गरज क्वचितच पडते. बेळगावच्या पावसाळ्यात तर तेल चुकवूच नये.

व्हॅक्सिन डेपोवर सकाळी फिरताना स्नेही विचारतात, "अहो, ब्लेड इतके स्वस्त असताना हा खटाटोप कशाला?" त्यांचा प्रश्न रास्त आहे आणि डॉक्टर म्हणून माझ्यापुढे तो अधिक अवघड रूपात उभा राहतो. १९८६ मध्ये चेन्नईत एचआयव्हीचा संसर्ग प्रथम आढळला आणि पुढील वर्षांत आम्हीच केशकर्तनालयांना सांगत राहिलो, की प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे ब्लेड वापरा. कावीळ ब चा विषाणू तर शरीराबाहेरही सात दिवस तग धरतो. वस्तरा विस्तवावर धरून निर्जंतुक करू म्हटले, तर पोलादाचे पाणी उतरते. तो सल्ला योग्यच होता आणि आजही मी तोच देईन. मात्र त्याची किंमत एका कुशल व्यवसायाने मोजली, हे आपण कधी बोलून दाखवले नाही. ज्यांच्या हाताला धारेचे ज्ञान होते, त्यांच्या हाती आपण अर्धे ब्लेड दिले.

म्हणून माझे मत असे की हे ज्ञान आता दुकानात नव्हे, तर घरात टिकावे; परंतु एका वस्तऱ्याचा धनी एकच असावा. बापलेकांनीही तो वाटून घेऊ नये. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी, मधुमेह ताब्यात नसलेल्यांनी आणि हात थरथरणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. बोथट वस्तरा धारदार वस्तऱ्याहून अधिक इजा करतो, कारण तो कापत नाही, ओढतो. शस्त्रक्रियेपूर्वी केस वस्तऱ्याने काढूच नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये निक्षून सांगितले, ते त्वचेला होणाऱ्या अशाच सूक्ष्म जखमांमुळे.

वडिलांचा वस्तरा अखेर लागला. त्यासाठी दोन महिने गेले, आणि दाते घालवताना पाते जेवढे झिजले तेवढे कायमचे गेले. मुलगा तो मागतो आहे. नियमाप्रमाणे मी त्याला नवा घेऊन देणार आहे. पण निसण्यासमोर त्याला बसवीन तेव्हा पहिल्या दिवशी हातात वडिलांचाच देईन, पुसून, तेल लावून. तेवढ्यापुरता. आणि सांगेन, दाबायचं नाही.