'श्यामची आई' कोणासाठी?



मे महिन्याची सुट्टी लागली की मुलांसाठी पुस्तकं आणायची ठरतात आणि पहिलं नाव निघतं 'श्यामची आई'. मूल चार पानं वाचून बाजूला ठेवतं आणि आपलं तोंड उतरतं. मला वाटतं, ते उतरणं पुस्तकासाठी नसतंच. उशीत तोंड खुपसून आपण ते वाचत रडलो, ते वय मुलाने आपल्याला परत आणून द्यावं, अशी मनातल्या मनात अपेक्षा असते. दहा वर्षांच्या पोराने ते ओझं का उचलावं?

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात हे पुस्तक लिहिलं. त्यात मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रात्री प्रार्थनेनंतर आईच्या आठवणी सांगतो. अशा ४२ रात्री. सांगणारा मोठा, ऐकणारेही मित्रच. मग आपणच ते 'मुलांचं' म्हणून कपाटात का ढकललं?

पहिल्याच रात्रीची वटसावित्रीची गोष्ट घ्या. आजारी आईच्या वतीने श्याम वडाला प्रदक्षिणा घालतो. लहानपणी मी श्याम होते, बायका हसतील म्हणून लाजणारी. आता वाचते तेव्हा आधी त्या अंगातली कणकण जाणवते. उभं राहवत नाही, तरी व्रत मोडायचं नाही. त्या दिवशी घरात चूल कोणी पेटवली असेल, हा प्रश्न दहाव्या वर्षी पडत नाही. उपवासाच्या दिवशी घरच्यांचा स्वयंपाक करणाऱ्या आपल्याला तो पडतोच.

आणखी एक. आपण त्या आईच्या मापाने स्वतःला मोजतो आणि कमी पडतो. पण ती आई गेल्यानंतर मुलाच्या आठवणीत उरलेली आई आहे. दारिद्र्य, कर्ज, आजारपण यांत तिला स्वतःला काय वाटत होतं, ते तिने लिहिलेलं नाही. मुलाने कृतज्ञतेने लिहिलेलं पुस्तक आपण आईची परीक्षा म्हणून वाचतो, हे मला पटत नाही.

माझी मुलगी सध्या भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेमागे धावतेय. धावू दे. सूर्यास्तापूर्वी जेवणं आटोपली की तासभर मोकळा मिळतो. ती तिचं वाचते, मी माझं. परवा माझे डोळे पाहून तिने विचारलं, "एवढं काय झालं?" मी तापाची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मग तिला कोणी झोपून राहा म्हटलं नाही?"