छोट्या डीएसएलआरला मोडीत काढू नका

डीएसएलआरचे दिवस भरले, आता मोबाइल वापरा नाहीतर सरळ मिररलेस घ्या, हा सल्ला हल्ली कोणीही देतो. कॅननचा १००डी किंवा निकॉनचा डी३५०० असे छोटे, नवशिक्यांचे डीएसएलआर तर धड ना इकडचे ना तिकडचे, असे जाणकारांचे मत. हे मत गोसीखुर्दच्या पाण्याकाठी नेऊन तपासावे.

पावसाळ्यात वैनगंगेवरच्या या धरणाचे ३३ दरवाजे उघडतात ते दृश्य मोबाइलमध्ये झकास येते, वादच नाही. पण हिवाळ्यात बुडीत क्षेत्राच्या कडेला उभे राहा. कवड्या खंड्या पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत थांबतो, चोच खाली रोखतो आणि दगडासारखा कोसळतो. भर उन्हात मोबाइलच्या पडद्यावर तो सापडतच नाही. सापडला तरी झूम करताच पिसांचा लगदा होतो. १००डीचा सेन्सर सुमारे २२ बाय १५ मिलिमीटरचा. मोबाइलच्या झूम लेन्समागचा सेन्सर त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

फुल फ्रेमवाले याच सेन्सरला लहान म्हणून नाके मुरडतात. मुरडोत. त्या लहानपणामुळेच २५० मिलिमीटरची स्वस्त लेन्स इथे ४०० मिलिमीटरची चौकट देते.

मिररलेसवाल्यांचे म्हणणे मात्र अर्धे खरे आहे. पक्ष्याचा डोळा ओळखून फोकस धरणे १००डीला जमत नाही. त्याचे फोकसबिंदू अवघे ९, त्यातला भरवशाचा मधला. व्हिडिओतही तो मागे. पण आरशातून दिसणाऱ्या दृश्याला वीज लागत नाही, म्हणून प्रमाणित मोजणीनुसार डी३५०० एका चार्जिंगवर १५५० फोटो काढतो. वजनाची तक्रार तर २०१३ सालीच निकालात निघाली: १००डी बॅटरीसकट ४०७ ग्रॅमचा.

खरा मुद्दा वेगळाच आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते या धरणाचे भूमिपूजन झाले. पुढे गावे उठली, पाणी चढले. त्या गावांचे पार, विहिरी, घाट मुद्दाम टिपून ठेवणारे हात किती होते? आजही इथले पाणी बदलतेच आहे. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून, पुढे कन्हानमार्गे वैनगंगेत येते. ढिवरांच्या जाळ्यात काय लागते, काठ कुठवर सरकला, हे वर्षानुवर्षे एकाच जागेवरून, तारखेसकट नोंदवायला हवे. त्याला लाखाचा कॅमेरा नको, पुष्कळ कॅमेरे हवेत.

तेव्हा पवनी-भंडाऱ्याच्या शाळांनी, वाचनालयांनी एखादा जुना छोटा डीएसएलआर जरूर घ्यावा. घेताना शटर किती वेळा चालले ते विचारा, लेन्स उजेडासमोर धरून बुरशी पाहा, आणि उरलेले पैसे बॉडीवर न उधळता लेन्सवर घाला.