पैसे आधी, वस्तू कधी?

स्कूटर नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणे आपल्या मागच्या पिढीला नवे नव्हते. १९७२ पासून बाजारात आलेली बजाजची 'चेतक' हाती यायला एके काळी दहा-दहा वर्षे लागत. मुलाच्या मुंजीत नोंदवलेली स्कूटर त्याच्या लग्नात मिळाली, असे तेव्हा थट्टेने म्हटले जाई. त्या रांगेचे कारण मात्र सर्वांना ठाऊक होते. किती गाड्या बनवायच्या हे कारखान्यापेक्षा सरकारचा परवानाच ठरवी. १९९१ नंतर परवान्यांचे राज्य ओसरले, दुकाने वस्तूंनी भरली आणि रांगेचा जमाना संपला असे आपण धरून चाललो. पण तो संपलेला नाही. जुलै २०२१ मध्ये विजेवर चालणाऱ्या ओला स्कूटरची नोंदणी ४९९ रुपयांत सुरू झाली. एका दिवसात लाख नोंदण्या झाल्याचे कंपनीने जाहीर केले. ऑक्टोबरात मिळायच्या गाड्या प्रत्यक्षात डिसेंबरच्या मध्यावर मिळू लागल्या.

आता परवान्याची आडकाठी नाही, पैसा आहे, गिऱ्हाईक दारात उभे आहे. मग वस्तू वेळेवर का येत नाही? हातात मावणाऱ्या दोन यंत्रांच्या कहाण्यांत या प्रश्नाचे उत्तर सापडते. एक आपल्याकडची आहे, दुसरी युरोपातली.

आपल्याकडची कहाणी 'आकाश' टॅब्लेटची. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत तेव्हाचे मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी 'आकाश'चे अनावरण केले. सात इंची पडदा असलेले हे यंत्र डेटाविंड कंपनी सरकारला सुमारे २,२७६ रुपयांना देणार होती आणि विद्यार्थ्यांना ते त्याहूनही स्वस्तात मिळणार होते. सर्वसामान्यांसाठी 'युबीस्लेट' नावाची भावंडेही निघाली आणि त्यांच्यासाठी नोंदण्यांचा पाऊस पडला. खेड्यापाड्यातल्या आईबापांनी, 'पोराला संगणक मिळेल' म्हणून नावे घातली. पुढे काय झाले? पहिल्या यंत्राचा पडदा बोटाने जोरात दाबल्याशिवाय दाद देत नसे, प्रोसेसर मंद होता आणि बॅटरी दोन-तीन तासांत मान टाकी. चाचण्यांची जबाबदारी असलेली राजस्थानची आयआयटी आणि कंपनी यांच्यात, यंत्राने किती आपटणे आणि किती पाणी सोसावे यावरून वाद झाला. हैदराबादेत जोडणी करणाऱ्या कंपनीशीही बिनसले. ज्यांनी नोंदणी केली होती, त्यांची महिनोन् महिने वाट पाहण्यात गेली.

२०१२ मध्ये हे काम मुंबईच्या आयआयटीकडे आले. प्रा. दीपक फाटक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्राबरोबरच ते वापरून शिकवायचे कसे, याकडेही लक्ष दिले. शिक्षकांच्या कार्यशाळा घेतल्या. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते 'आकाश २' आले. ते पहिल्यापेक्षा पुष्कळ बरे होते. पण त्याच महिन्यात, या स्वदेशी यंत्राचे सुटे भाग जुळवून चीनमधून आल्याच्या बातम्या छापून आल्या आणि कंपनीला खुलासे करावे लागले. एक लाखाची पहिली सरकारी मागणी पुरी व्हायला २०१३ उजाडले. एव्हाना साध्या बाजारातच तशी यंत्रे जवळपास त्याच भावात मिळू लागली होती.

दुसरी कहाणी 'पँडोरा'ची. ब्रिटन आणि जर्मनीतल्या काही हौशी मंडळींनी एकत्र येऊन, खिशात मावेल असा खेळांचा संगणक बनवायचे ठरवले. मोठ्या कंपन्यांची खेळणी बंदिस्त असतात. आपले यंत्र कोणालाही हवे तसे वापरता यावे, ही त्यांची जिद्द. भांडवल कोणाचे? वापरणाऱ्यांचेच. ३० सप्टेंबर २००८ रोजी नोंदणी सुरू झाली. पहिली खेप चार हजारांची होती आणि किंमत आधीच भरायची होती. वस्तू त्याच वर्षाच्या अखेरीस मिळेल अशी अपेक्षा होती. पहिली यंत्रे लोकांच्या हाती पडली ती मे २०१० मध्ये.

अडचणींची मालिका पाहिली की कारखानदारीचा धडाच मिळतो. आधी बँकेच्या बाजूने अडले. वस्तू तयार नसताना घेतलेले कार्डावरचे पैसे गिऱ्हाइकांना परत गेले आणि सर्वांना दुसऱ्या मार्गाने पुन्हा भरावे लागले. मग प्लास्टिकच्या कवचाचे साचे जमेनात. खेळताना अंगठ्याने फिरवायच्या बटणांची रचना बदलावी लागली. अमेरिकेत बनवून घेतलेले सर्किट बोर्ड फार मोठ्या प्रमाणात सदोष निघाले आणि २०११ मध्ये ते काम जर्मनीत न्यावे लागले. दोनशे सुटे भाग हाताशी असले आणि एकच आला नाही, तरी यंत्र पुरे होत नाही.

गृहिणींना हे समजावून सांगायला नको. दहा पाहुण्यांसाठी पुरणपोळ्या करणारी सुगरण हजाराच्या पंगतीला तशाच पोळ्या वाढू शकेल, याची खात्री देता येत नाही. तिथे चूल वेगळी लागते, पुरण शिजवण्याचा अंदाज वेगळा लागतो, आणि शंभरातल्या दहा पोळ्या फाटल्या तर त्यांचा खर्च उरलेल्या नव्वदांवर पडतो. नमुन्याचे एक यंत्र बनवणे म्हणजे घरचा स्वयंपाक. चार हजार बनवणे म्हणजे पंगत. दोन्हीकडच्या मंडळींनी घरच्या स्वयंपाकावरून पंगतीचा भाव ठरवला, हे खरे दुखणे. एकदा किंमत जाहीर करून पैसे घेतले की, मधल्या प्रत्येक बिघाडाचा खर्च त्याच पैशांतून भागवावा लागतो.

'पँडोरा'च्या बाबतीत तेच झाले. सदोष बोर्डांत पैसा अडकला आणि जुन्या नोंदण्या पुऱ्या करायला गंगाजळी उरेना. मग ज्यांना यंत्र लगेच हवे त्यांच्याकडून जादा किंमत घ्यायची आणि त्या नफ्यातून जुन्या गिऱ्हाइकांची यंत्रे बनवायची, ही वाट धरावी लागली. तरीही काहींच्या पदरी ना यंत्र पडले ना पैसे. आयुष्यभर बँकेत खतावण्या तपासलेल्या माणसाच्या काळजात इथे धस्स होते. नव्या पैशांतून जुने देणे फेडण्याचा रस्ता प्रामाणिक माणसालाही कड्याच्या टोकाशी नेतो. एक फरक मात्र नोंदवला पाहिजे. जर्मनीतले मायकल म्रोझेक हे या धडपडीचे प्रमुख. काय बिघडले, कोणता भाग अडला, हे ते लोकांना सतत सांगत राहिले. त्यामुळे २०१६ मध्ये त्यांनी 'पायरा' या पुढच्या यंत्राची नोंदणी सुरू केली, तेव्हा लोकांनी पुन्हा पैसे दिले. तेही यंत्र २०२० च्या अखेरीस मिळू लागले!

उशीर दोन्हीकडे झाला. पण एकीकडे माणसे टिकली, दुसरीकडे 'आकाश' हा थट्टेचा विषय झाला. लोक उशीर सोसतात, अंधारात ठेवलेले सोसत नाहीत.

पण नुसत्या चांगुलपणावर हा व्यवहार सोडून भागणार नाही. बँकेच्या ताळेबंदात ठेव ही बँकेची कमाई नसते, देणे असते. आगाऊ नोंदणीचे पैसेही तसेच देणे आहेत. पण ते देणारा माणूस नेमका कोण? तो भागधारक नाही, म्हणून नफा त्याचा नाही. सावकार नाही, म्हणून व्याज नाही, तारणही नाही. आणि वस्तू हाती नसल्याने तो पुरता गिऱ्हाईकही झालेला नाही. आमच्या कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या कसमादे पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी भाग घेऊन विठेवाडीचा 'वसाका' साखर कारखाना उभा केला. तो पुढे अनेक हंगाम बंद राहिला, ते दुःख इथे घरोघर आहे. तरी त्या शेतकऱ्याला निदान सभासद म्हणून वार्षिक सभेत उभे राहून हिशेब मागण्याचा हक्क होता. पडद्यावर बोट दाबून पैसे भरणाऱ्याला तेवढाही नाही.

यावर उपाय आपल्याच घरात आहे. घरबांधणीत हेच दुखणे होते. २०१६ च्या रेरा कायद्याने बिल्डरला घातलेली अट अशी की, गिऱ्हाइकांकडून घेतलेल्या रकमेतले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि त्या जागेच्या व बांधकामाच्या खर्चासाठीच, कामाच्या प्रगतीप्रमाणे काढायचे. प्रगतीची माहितीही वेळोवेळी सर्वांना दिसेल अशी द्यायची. महाराष्ट्रात महारेरा २०१७ पासून आहे. ठरावीक रकमेपेक्षा जास्त नोंदण्या घेणाऱ्या यंत्रनिर्मात्यांना असाच नियम का नसावा? त्याने धडपड्या उद्योजकाचा गळा आवळला जाणार नाही. उलट हिशेब स्वच्छ राहिल्याने पुढचे कर्जही सुलभ होईल.

तोवर घरातल्या मुलांनी कुठल्या नव्या यंत्रासाठी हट्ट धरला, तर पैसे भरण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. तयार झालेले यंत्र कोणी हाताळले आहे का? ते कोणत्या कारखान्यात बनते? उशीर झाला तर पैसे किती दिवसांत परत? आणि ही कंपनी याआधी दिलेल्या तारखेला जागली का? पैसे गेलेच, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. कळवणच्या माणसाला त्यासाठी दिल्ली गाठायची गरज नाही, नाशिक पुरेसे आहे.

नवे काही घडवू पाहणाऱ्यांना चार लोकांनी हातभार लावावा, ही आपल्या सहकाराचीच शिकवण आहे. तो हात लोकांनी पुढे करत राहावा असे वाटत असेल, तर घेतलेल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब, मागायची वेळ येण्याआधीच, त्यांच्यापुढे ठेवला गेला पाहिजे.