वेदनेचा रकाना केसपेपरवर हवा

हर्सूलमधल्या एखाद्या घरातली आजी न्हाणीघरात घसरली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले, की खासगी रुग्णालयाचा खर्च न झेपणारे कुटुंब घाटी हे सरकारी रुग्णालय गाठते. हाड जोडायचे असते हे सगळ्यांनाच कळते. त्याआधी आणि नंतर होणाऱ्या वेदनेकडे मात्र ‘वय झाले, दुखणारच’ म्हणून पाहिले जाते. ही समजूत महागात पडते. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांवरचा एक अमेरिकी अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. तीव्र वेदना अंगावर काढणाऱ्यांना आणि मॉर्फिनसारखे औषध फारच कमी मिळालेल्यांना भ्रम होण्याचा धोका त्यात बराच जास्त आढळला. भ्रम झालेला रुग्ण बरळतो, सलाईन उपसतो, उठून चालायला तयार होत नाही. वेदनाशमन हा उपचाराचाच भाग आहे, तो असा.

हे ज्ञान नवे नाही. टिकत नाही ती सवय. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात निवासी डॉक्टर तीन वर्षांत बाहेर पडतात, सिस्टरांच्या वॉर्डबदल्या होतात आणि एका दिवसाचे प्रशिक्षण त्यांच्याबरोबर निघून जाते. म्हणून चांगली पद्धत माणसांच्या आठवणीवर न सोडता कागदावर बांधली पाहिजे. नाडी, रक्तदाब, ताप यांच्या शेजारी वेदनेचा रकाना हवा. शून्य ते दहा यांतला आकडा रुग्णाने सांगावा. ज्याला सांगता येत नाही, त्याचा श्वास, कण्हणे, चेहरा, हालचाल आणि धीर दिल्यावर शांत होणे या पाच खुणांना प्रत्येकी शून्य ते दोन गुण द्यावेत. ही पद्धत जगभर वापरात आहे. औषधानंतर आकडा पुन्हा घ्यावा आणि दर महिन्याला काही केसपेपर तपासून निकाल वॉर्डातच सांगावा.

सिस्टरांवर आधीच कामाचा डोंगर आहे, हा आक्षेप खरा आहे. म्हणून वेगळे रजिस्टर नको, आहे त्याच तक्त्यात एक रकाना पुरे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अमेरिकेत २००१ पासून वेदना मोजण्यावर भर दिला गेला आणि त्यातून अफूजन्य औषधांचा अतिवापर वाढला, अशी टीका झाली. धडा इतकाच, की आकडा दिसताच गोळी वाढवू नये. रुग्ण कूस वळतो का, खोकू शकतो का, हेही पाहावे. पॅरासिटामॉल वेळेवर द्यावे, शक्य तिथे मांडीची नस बधिर करावी, मूत्रपिंडाला जाचणाऱ्या वेदनाशामकांबाबत वृद्धांत हात आखडता घ्यावा. आपल्याकडची अडचण तर उलटी होती: १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे मॉर्फिन मिळणेच अवघड झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट सोपी केली, पण कायदा बदलल्याने वॉर्डातली भीती आपोआप जात नाही.

हा रकाना छापायला मोठा निधी लागत नाही. अधिष्ठात्यांनी तो सक्तीचा करावा आणि नातेवाइकांनी रोजच्या राउंडला डॉक्टरांना निःसंकोच विचारावे: आज दुखण्याचा आकडा किती?