देऊळ हलले, गावेही हलली



हल्ली आपल्या खेड्यापाड्यांतली मंडळीही परदेशी सहलीला जाऊ लागली आहेत. इजिप्तला जाण्याचा योग आला, तर आस्वान शहरातून अबू सिंबेलच्या देवळांची एक दिवसाची सहल अवश्य करा. धरण पाहिलेल्या माणसाला तिथे विचार करण्याजोगे पुष्कळ सापडेल.

आस्वानहून हे ठिकाण सुमारे २८० किलोमीटर. ऊन चढण्याआधी पोचावे म्हणून बस पहाटे अंधारातच निघते. वाट सगळी वाळवंटाची, तेव्हा पाणी आणि डोक्याला उपरणे बरोबर असू द्या. मार्गदर्शक सारी माहिती देवळाबाहेरच सांगतो, ती लक्ष देऊन ऐका.

डोंगर कोरून केलेले हे मोठे देऊळ दुसऱ्या रामसेस राजाचे, तीन हजार वर्षांहून जुने. दाराशी राजाच्या चार बैठ्या मूर्ती, प्रत्येक सुमारे २० मीटर उंच. मात्र आज दिसतो तो डोंगर मूळचा नव्हे. १९६० ते १९७० या काळात नाईल नदीवर आस्वानचे उंच धरण बांधले गेले. त्याच्या फुगवट्यात ही देवळे बुडणार होती. तेव्हा युनेस्कोच्या हाकेला अनेक देशांनी मदत दिली. १९६४ ते १९६८ या काळात देवळे कापून त्यांचे हजारावर ठोकळे केले, एकेक सरासरी २० टनांचा. ते ६५ मीटर वर आणि सुमारे २०० मीटर मागे नेऊन पुन्हा जुळवले. भूकंपाने पडलेला एका मूर्तीचा भागसुद्धा पूर्वी होता तसाच पायाशी ठेवला. इतकी निगा!

इथे एक प्रश्न जरूर विचारा: नदीकाठची माणसे कुठे गेली?

ते न्युबियन लोक. नाईलकाठच्या अरुंद पट्टीत शेती करणारे, खजुराची झाडे राखणारे, बैलांच्या रहाटाने पाणी उपसणारे. १९६३-६४ साली इजिप्तच्या बाजूचे सुमारे पन्नास हजार न्युबियन उठवून आस्वानच्या उत्तरेस कोम ओंबोजवळ वसवले. सुदानच्या हद्दीतलेही हजारो हलले. नव्या वस्त्यांना नावे जुन्या गावांचीच दिली, पण दाराशी नदी राहिली नाही.

धरणाने इजिप्तला बारमाही पाणी आणि वीज दिली, हे खरेच आहे. तरी ज्यांची जमीन गेली ते एक आणि ज्यांचे शिवार भिजले ते दुसरे, हे आपल्याला परके नाही. उजनीचे पाणी उतरले की पळसदेवचे जुने पळसनाथाचे मंदिर वर येते आणि लोक ते पाहायला गर्दी करतात. त्याच्या आसपास नांदलेल्या घरांची आठवण किती जण काढतात?

म्हणून एक सांगणे. तुमच्या घराण्याची जमीन धरणात गेली असेल, तर जुना सातबारा, संपादनाचा निवाडा आणि मोबदल्याच्या पावत्या एका पेटीत जपून ठेवा. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून जुन्या गावाचा नकाशा वहीत काढा: विहीर कुठे, चावडी कुठे, कोणत्या वावराला काय नाव. हे काम याच उन्हाळ्यात उरकून घ्या. दगडांची मोजदाद ठेवायला जग धावून आले होते. आपल्या बांधांची मोजदाद आपल्यालाच ठेवावी लागेल.