नाशिकच्या थंडीत गळ टाकायचा? आधी माशाचं कॅलेंडर बघा

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा घसरला की बातम्या ठरलेल्या असतात. द्राक्षबागांमधल्या शेकोट्या, धुक्यातली गोदावरी आणि नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला झालेली गर्दी. त्याच दिवसांत मोबाईलवर परदेशातले रील्स येतात. कमरेएवढ्या गार पाण्यात उभी माणसं, लांबलचक दोरी आणि हातात चमकणारा ट्राउट मासा. थंडी तर नाशकातही पडते, मग इथे असं का नाही?

ट्राउट इथे का जगत नाही?

कारण हवा गार झाली म्हणून नदी तेवढी गार होत नाही. ट्राउटला बारा महिने थंड, वाहतं आणि ऑक्सिजनने भरलेलं पाणी लागतं. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. नाशिकचा एप्रिल-मे आठवा, म्हणजे उत्तर मिळेल.

ट्राउट मुळात भारतातला नाहीच. इंग्रजांच्या काळात, १९०० च्या सुमारास तो काश्मीरमध्ये आणला गेला. पुढे तो कुलू, निलगिरी आणि मुन्नारच्या गार ओढ्यांत पोहोचला. फ्लाय फिशिंगमध्ये गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावत नाहीत. पिसं आणि दोऱ्याने बनवलेला खोटा किडा लावतात. ही पद्धत ट्राउटपुरती नाही, आपल्याकडचा महाशीरही अशा गळाला लागतो.

हिवाळ्यात तिकडे बंदी, मग इकडे?

हिमाचल प्रदेशात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटच्या मासेमारीवर बंदी असते. ट्राउट थंडीत अंडी घालतो, म्हणून. एरवीही परवाना काढावा लागतो आणि दिवसाला किती मासे न्यायचे याला मर्यादा असते.

गोदावरीतल्या रोहू-कटल्याचं चक्र उलटं आहे. त्यांची वीण पावसाळ्यात होते. नदीला नवं पाणी आलं की मासे प्रवाहाविरुद्ध चढतात. म्हणजे माशांच्या दृष्टीने बघितलं, तर इथे हात आखडता घ्यायचा तो पावसाळ्यात. हिवाळ्यातला गळ त्या मानाने कमी त्रासाचा.

पण हिवाळ्यात दुसरे पाहुणे येतात. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्याच्या पाणथळीवर स्थलांतरित पक्षी उतरतात. १९८६ मध्ये या जागेला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२० मध्ये ती महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरली. अभयारण्यातून परवानगीशिवाय वन्यजीव नेणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे, आणि कायद्याच्या व्याख्येत मासा हाही प्राणीच आहे. 'पकडून परत सोडतो' हे कारण परवान्याची जागा घेत नाही.

मग धरणावर तरी चालेल?

तिथेही मासे बेवारस नसतात. धरणातल्या मासेमारीचे हक्क ठेक्याने दिले जातात, अनेकदा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांना. संस्था पैसे घालून बोटुकली सोडतात आणि ती मोठी झाल्यावर जाळं टाकतात. रविवारी मजा म्हणून नेलेला चार किलोचा कटला कुणाच्या तरी घरखर्चाचा असू शकतो. आधी संस्थेला विचारणं एवढंच यावर उत्तर आहे.

खरा धोका गळाचा आहे का?

नाही. तो पाण्याचा आहे. गोदावरीचा नाशिकजवळचा पट्टा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत आलेला आहे. सांडपाणी मिसळलं की ते कुजवणारे जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. वर पानवेलीचा थर आला की उरलासुरलाही घटतो. अशा पाण्यात परदेशी चिलापी तग धरते, नाजूक मासे आधी जातात.

त्या नाजूक माशांमध्ये एक खास नाशिकचा आहे. १९३८ मध्ये होरा आणि मिश्रा या शास्त्रज्ञांनी देवळालीजवळच्या दारणा नदीतून एका छोट्या माशाची नोंद केली. आज तो 'देवळाली मिनो' म्हणून ओळखला जातो आणि जगातल्या अतिसंकटग्रस्त माशांमध्ये मोडतो. त्याला कुणी गळ टाकत नाही, त्याचे रील्स बनत नाहीत. पाणी बिघडलं तर तो गेल्याचंही कळणार नाही.

आत्ताच ही चर्चा का?

कारण २०२७ चा सिंहस्थ समोर आहे. घाट, रस्ते आणि मलजल प्रक्रिया यांची कामं त्यासाठीच सुरू आहेत. अमृतस्नानं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे नदीवर सर्वाधिक गर्दी पावसाळ्यात, माशांच्या विणीच्या हंगामालगत. भाविकाला डुबकीसाठी जे पाणी लागतं, तेच माशाला श्वासासाठी लागतं. त्यामुळे प्रक्रिया केंद्रांवरचा पैसा फक्त पर्वणीपुरता खर्च होतो की नंतरही ती केंद्रं पूर्ण क्षमतेने चालतात, यावर दोघांचंही भवितव्य ठरेल.

हिमाचलने माशाचं कॅलेंडर पाहून माणसांचे नियम ठरवले. नाशिकला दोन कॅलेंडरं सांभाळायची आहेत, पावसाळ्यात माशाचं आणि हिवाळ्यात पक्ष्यांचं. शहराने पाणी स्वच्छ सोडलं, तरच ही दोन्ही कॅलेंडरं पाळण्याला अर्थ उरेल.